मोक्षपट : पडलेल्याला पटाबाहेर न काढणारा खेळ

२०२० साली ‘स्पिरिटफेअरर’ नावाचा एक व्हिडिओ गेम आला. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या थंडर लोटस या कंपनीने तो बनवला. ग्रीक पुराणांत मेलेल्यांना नदीपार नेणारा कॅरन नावाचा नावाडी आहे. या गेममध्ये तो निवृत्त होतो आणि त्याचं काम स्टेला नावाच्या मुलीकडे येतं. सोबतीला डॅफोडिल हे तिचं मांजर. स्टेला म्हणजे आपण. होडीवर येणाऱ्या आत्म्यांसाठी घर बांधायचं, त्यांच्या आवडीचं रांधायचं, त्यांची गाऱ्हाणी ऐकायची, मिठी मारायची. ते तयार झाले की त्यांना शेवटच्या दारापर्यंत सोडून यायचं. या गेममध्ये आपण मरत नाही, त्यामुळे ‘गेम ओव्हर’ अशी पाटीही येत नाही. ज्यांना हा गेम खेळायचा आहे त्यांनी पुढचं वाक्य सोडून द्यावं. सगळ्यांना पोचवून झाल्यावर स्टेलाला स्वतःलाच त्या दारातून जायचं असतं, आणि इतरांना जी माया दिली ती तेव्हा स्वतःलाही द्यावी लागते.

परलोकावर इतका मऊ खेळ बनू शकतो याचं अनेकांना अप्रूप वाटलं. आपल्याला मात्र ते फार वाटायला नको. परलोकाची वाट पटावर मांडून, कवड्या टाकत ती चालण्याचा खेळ मराठी घरांत जुना आहे. त्याचं नाव मोक्षपट. आज त्याला आपण सापशिडी म्हणतो, आणि त्यातला परलोक कधीच पुसला गेला आहे.

भीती, स्मरण आणि खेळ

मेल्यावर पुढे काय, या प्रश्नाभोवती आपल्याकडे बऱ्याच गोष्टी जमल्या. सगळ्यांत ठळक भीतीची. घरात कोणी गेलं की दहा-बारा दिवसांत गरुडपुराण वाचायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्यातल्या नरकांची वर्णनं लहानपणी कानावर पडली असतील, तर ती सहज विसरता येत नाहीत. त्याआधीही यमलोकातल्या शिक्षांची चित्रं दाखवत दारोदार फिरणारे लोक होते. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ या संस्कृत नाटकात चाणक्याचा हेर असाच यमपट घेऊन घरोघर हिंडतो. यमपट दाखवणाऱ्याला कोणत्याही घरात शिरता येई, म्हणून हेराला ते सोंग सोयीचं.

दुसरी गोष्ट स्मरणाची. वर्धा जिल्ह्यातली आष्टी हे तिचं उदाहरण. १६ ऑगस्ट १९४२ ला, ऐन नागपंचमीच्या दिवशी, ‘चले जाव’ म्हणत लोक पोलिस ठाण्यावर तिरंगा लावायला निघाले. गोळीबार झाला. गावकरी पडले, चिडलेल्या जमावाच्या हातून पोलिसही मेले. त्याच दिवशी चिमूरमध्येही असाच उठाव झाला. आजही या गावाचं नाव ‘आष्टी (शहीद)’ असं लिहितात. एसटीची पाटी वाचणारा, शाळेचा दाखला काढणारा प्रत्येक जण नकळत त्या मेलेल्यांचा उल्लेख करतो. पुढच्यांच्या तोंडी राहणं, हाही एक परलोकच.

पण भीती पाप्यांसाठी असते आणि स्मारक हुतात्म्यांसाठी. आपल्यातले बहुतेक लोक या दोन्हींच्या मधले. फार मोठं पाप हातून घडलेलं नाही, छातीवर गोळी झेलण्याची वेळही आलेली नाही. हुतात्म्यांच्या गावात जन्मलेल्या एखाद्या साध्या मुलीने किंवा मुलाने स्वतःला कोणत्या मापाने मोजायचं? तलाठी भरतीचा तिसरा अटेम्प्ट हुकला, शेतात दोन वर्षं हाती काही लागलं नाही, जवळचं माणूस दुरावलं, तर त्याच्या आयुष्याची नोंद कुठे होते? मोक्षपटात अशा मधल्या माणसाला जागा आहे.

पटावर काय असतं

अशा पटांना उत्तरेत ‘ग्यान चौपड’ म्हणतात. जैन, वैष्णव आणि सूफी अशा वेगवेगळ्या परंपरांनी आपापले पट बनवले. जैनांचे ८४ घरांचे, वैष्णवांचे ७२ घरांचे पट प्रसिद्ध आहेत. प्रत्येक घराला नाव असतं : एखादा गुण, एखादा दोष, एखादा लोक. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर ही मंडळी तर ठरलेलीच. गुणाच्या घरातून शिडी वर जाते, दोषाच्या घरातून साप खाली आणतो.

मराठी मोक्षपटांचा शोध घेणाऱ्यांत पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे माजी ग्रंथपाल वा. ल. मंजूळ यांचं नाव घ्यावं लागेल. डेन्मार्कच्या एका अभ्यासकाच्या विचारण्यावरून ते कामाला लागले आणि रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहात त्यांना मोक्षपट मिळाले. जेकब श्मिट-मॅडसन हे ते अभ्यासक. पुढे २०१९ साली कोपनहेगन विद्यापीठात त्यांनी पश्चिम भारतातल्या याच खेळावर पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. आज हाती असलेले बहुतेक जुने पट अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले आहेत.

त्यातल्या रचनेची गंमत कळायला हरीश जोहारी यांनी ‘लीला’ या नावाने प्रसिद्ध केलेला ७२ घरांचा पट बघावा. इथे जिंकायचं घर ७२ वं नाही, ६८ वं आहे. ते वैकुंठ. सगळ्यांत मोठा आकडा गाठणारा जिंकत नाही. उलट ६८ ओलांडून पुढे गेलात तर ७२ व्या घरात तमोगुणाचा साप बसलेला आहे, तो थेट ५१ व्या घरात, पृथ्वीवर आणून सोडतो. ५४ व्या घरात भक्ती आहे, तिची शिडी सरळ वैकुंठाला लागते. आणि तिच्या अगदी शेजारी, ५५ व्या घरात, अहंकाराचा साप. एका दानाचा फरक! तो गिळतो आणि पार पहिल्या ओळीत सोडतो.

याहून सुंदर आहे ती सुरुवात. डाव मांडताना प्रत्येकाची सोंगटी ६८ व्या घरातच ठेवतात. सहाचं दान पडलं की ती पहिल्या घरात ‘जन्माला’ येते. म्हणजे जिथे पोचायचं आहे, तिथूनच आपण निघालेलो असतो. खेळणाऱ्याला नवं कोणी व्हायचं नसतं, परत घरी जायचं असतं.

चार भावंडांचा खेळ

महाराष्ट्रात हा खेळ ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितला जातो. निवृत्तीनाथ आणि ज्ञानदेव भिक्षेला गेले की मागे राहिलेल्या सोपान-मुक्ताईला विरंगुळा हवा, म्हणून ज्ञानदेवांनी तो रचला अशी गोष्ट आहे. ज्ञानेश्वरांची समाधी १२९६ सालची. तेव्हाचा एकही पट आपल्याजवळ नाही, म्हणून ही गोष्ट इतिहास म्हणून मांडता येत नाही. पण लोकांनी हा खेळ नेमका याच चार भावंडांच्या हाती का दिला, हा प्रश्न इतिहासाचाच आहे.

ही संन्याशाची पोरं. परंपरा सांगते की वडिलांनी संन्यास सोडून संसार केला म्हणून कुटुंबाला वाळीत टाकलं गेलं. आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं गेलं. मुलांना शुद्ध करून घ्या म्हणत पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभं राहावं लागलं. आपण माणूस म्हणून चालतो की नाही, याचा कागद दुसऱ्यांकडून आणायचा! अशा घरातल्या धाकट्यांसाठी थोरल्या भावाने एक पट आखला, ज्यावर कोणाचंही शुद्धिपत्र न दाखवता सोंगटी ठेवता येते आणि कितीही वेळा घसरली तरी तिला पटाबाहेर काढत नाहीत, अशी कल्पना लोकांनी केली. मला ती फार अर्थपूर्ण वाटते.

याच भावंडांची आणखी एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. कोणीतरी अपमान केला म्हणून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले. बाहेरून चिमुकल्या मुक्ताईने समजूत घातली. तिचे ताटीचे अभंग आजही गायले जातात. त्यांत एक साधा दाखला आहे : आपल्याच दातांखाली जीभ सापडली म्हणून कोणी दात पाडून टाकत नाही. सगळं जग एकाच देहासारखं आहे, तेव्हा दुखावणाऱ्यावर रागवायचं कशाला, असा तिचा रोख. पण आज हा दाखला उलट्या बाजूनेही ऐकावा. आपल्याच हातून आपलं काही बिघडलं, तरी स्वतःला मोडून टाकायचं नसतं. भाऊ आत बसून जगावर रुसला होता की स्वतःवर, हे तरी नक्की कोण सांगणार?

साप राहिले, नावं गेली

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडला गेला. १८९२ च्या सुमारास तिथे छापील पट विकायला आले. सुरुवातीला त्यांवर व्हिक्टोरियन नीती होती : काटकसर आणि उद्योग यांना शिड्या, आळस आणि आज्ञाभंग यांना साप. आळसाच्या सापाखाली दारिद्र्य. अनेक जन्मांचा हिशेब मुलांच्या एका बालपणात बसवला गेला, मोक्षाच्या जागी यश आलं. हळूहळू नीतीही गेली, फक्त आकडे उरले. अमेरिकेत १९४३ साली मिल्टन ब्रॅडली कंपनीने सापांच्या जागी घसरगुंड्या टाकल्या. आपण लहानपणी जी सापशिडी खेळलो ती या उलट्या प्रवासातून परत आलेली. ९९ वर साप आणि १०० ला जिंकणारा पहिला नंबर.

अनेक जुन्या पटांवर शिड्यांपेक्षा साप जास्त होते. पण त्यांची ओळख पटावर लिहिलेली होती. घसरलेला माणूस म्हणे, ‘मत्सराने गिळलं.’ आकड्यांच्या पटावर घसरलेला म्हणतो, ‘मी हरलो.’ पहिल्या वाक्यात साप वेगळा आणि मी वेगळा. दुसऱ्यात सगळा दोष मी. शिवाय जुन्या पटावर कोणत्या घरात जायचं हे खेळणारा ठरवत नाही, कवड्या ठरवतात. या दानाला प्रारब्ध समजावं, असा अर्थ लावला जातो. लोभाच्या घरात तुम्ही पोचलात ते तुम्ही वाईट आहात म्हणून नाही, ते घर सगळ्यांच्याच वाटेवर आहे म्हणून.

मोक्षपट ‘स्वतःवर प्रेम करा’ असं कुठे सांगत नाही. अहंकाराला तर त्याने साप केलं आहे. आजच्या रीलमध्ये स्वतःचं कौतुक म्हणून जे चालतं, त्याला तो बहुधा ५५ व्या घरात बसवील. त्याच्याकडे आहे ती स्वतःला धरून राहण्याची युक्ती : घसरण कशाने झाली तिचं नाव घ्या, आहात त्या घरातून पुढचं दान टाका.

विदर्भात नागपंचमीला नागाची पूजा करतात, त्या दिवशी जमीन नांगरत नाहीत. शेतात राहणाऱ्या माणसाला साप टाळता येत नाही, त्याच्यासोबत राहायला शिकावं लागतं. आष्टीच्या नावात हुतात्मे आहेत, ते राहावेतच. पण नापास झालेला, कर्ज डोक्यावर असलेला, उशिरा घरी परतणारा माणूसही त्याच गावचा. त्याला स्मारक लागत नाही. घसरून पहिल्या ओळीत आला तरी ‘तुझी पाळी’ म्हणून हातात कवड्या देणारं कोणीतरी लागतं. आणि शेजारी कोणी नसेल, तर ते काम स्वतःलाच करावं लागतं.