कमानपाट्याची सुरी

बकरी ईद आठ दिवसांवर आली की आमच्या घरी माळ्यावरून सुऱ्या खाली येतात. त्यातली एक दादांच्या, म्हणजे अब्बांच्या वडिलांच्या काळची. तिच्यावर ना कंपनीचा शिक्का, ना नाव. मुठीजवळ अर्धं भोक तेवढं दिसतं. लहानपणी मला वाटायचं, खिळ्याला टांगायची सोय असेल. पुढे अब्बांनी सांगितलं, ही सुरी ट्रकच्या तुटलेल्या कमानपाट्यातून घडवली आहे. सगळे पाटे एकत्र धरणारा बोल्ट त्या भोकातून जायचा.

घडवणारे होते मोहल्ल्यातले शिकलगार. अरबीत 'सैकल' म्हणजे घासून चकाकी आणणं. त्याला फारसी 'गर' जोडला आणि आपल्याकडे तो शिकलगार झाला. 'पोलाद'ही फारसीच. शब्द बाहेरून आले म्हणून वस्तूही बाहेरून आली असं मात्र नाही. ती इथून बाहेर जात होती.

नांदेडच्या शेजारी, आज तेलंगणात असलेल्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. 1820 च्या आसपास हेन्री व्हॉयसी हा इंग्रज भूगर्भतज्ज्ञ तिथं गेला, तेव्हा इस्फहानचा एक व्यापारी पोलादासाठी तिथं येऊन राहिला होता. दोन ठिकाणचं लोखंड मिसळून, मातीच्या मुशीत बंद करून ते वितळवत आणि सावकाश निवू देत. म्हैसूरकडे मुशीत लोखंडासोबत लाकडाचे तुकडे आणि हिरवी पानं घालत. अशा पोलादात कार्बन साधारण दीड टक्का असे. त्याच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते. माल दख्खनचा, कारागिरी इराणची, आणि जगात नाव झालं दमास्कसचं. याची मला अजून चुटपुट लागते.

इंग्रजांनाही त्याचं कुतूहल होतं. मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉटने या पोलादाचे नमुने लंडनला पाठवले आणि 1795 साली जॉर्ज पिअर्सनने रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. पुढे मायकेल फॅरडेनेही ते तपासलं. फॅरडे हा लोहाराचा मुलगा, हे आपल्याकडच्या शाळेत कुणी सांगत नाही.

मग शेफील्डचं पोलाद आलं. कोळशासाठी लागणारं जंगल सरकारच्या ताब्यात गेलं. ब्रिटिश मुलखात 1878 हे एकच साल जंगल कायद्याचंही आहे आणि शस्त्र कायद्याचंही. भट्टीचं जळण गेलं, तलवारीचं गिऱ्हाईकही गेलं. शिकलगारांच्या हाती राहिल्या विळ्या, कात्र्या, अडकित्ते, सुऱ्या. पोलाद बनवण्याची विद्या संपली. भंगारातलं पोलाद ओळखण्याची तेवढी उरली.

ही विद्याही लहान नाही. बांधकामाच्या सळईत कार्बन इतका कमी की कितीही तापवून बुडवा, धार टिकत नाही. कानशीत तो एक टक्क्याच्या वर. धार कडक, पण पातं पडलं तर काचेसारखं तुटतं. कमानपाट्यात अर्धा-पाऊण टक्का, आणि मुळातच वाकून पुन्हा सरळ व्हायला बनवलेला. म्हणून कोयत्याला आणि कुर्बानीच्या सुरीला तो चालतो. शंका आली तर तुकडा सहाणेच्या चाकावर धरायचा. सळईच्या ठिणग्या लांब, सरळ जातात. कानशीच्या फुलबाजीसारख्या फुटतात.

काही वर्षांपूर्वी मी हौसेने भंगारवाल्याकडून एक पाटा किलोवर विकत आणला. शिकलगार चाचांनी तो दोरीने टांगला आणि हातोडीने हलकेच ठोकला. आवाज घुमला नाही.

"बेटा, ये पाटा गूंगा है," चाचा म्हणाले.

वर्षानुवर्षं खड्डे झेललेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणारी चीर असते. मी हट्ट धरला. लालभडक पातं तेलात गेलं आणि 'टिक' असा बारीकसा आवाज आला. बाहेर काढलं तर मधोमध केसाएवढी भेग.

चाचांचा मुलगा आता मोबाइल दुरुस्त करतो. बाजारात स्टेनलेसच्या तयार सुऱ्या मिळतात, स्वस्तही असतात. आणखी एक गोष्ट आहे, जी आम्ही घरात फार बोलत नाही. सुऱ्या धार लावायला नेताना अब्बा त्या जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळतात, पिशवीत तळाशी ठेवतात आणि वर मेथीची जुडी टाकतात. 1959 च्या शस्त्र कायद्याखालचे नियम नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांना लागतात. घरकामाच्या, शेतीच्या पात्यांना त्यातून वगळलेलं आहे. अब्बांना हे मी वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि जुडी नीट सरकवून सुरीची मूठ झाकली.

माझा फुटलेला पाटा चाचांनी फेकला नाही. धडक्या बाजूचा तुकडा कापून त्यांनी वीतभर सुरी काढून दिली आणि पैसे मागितले ते फक्त मुठीच्या लाकडाचे. अम्मी तिने कांदे चिरते.