सावित्रीच्या मुखावरची तीन आडनावे

आगगाडीत दोन अनोळखी माणसे समोरासमोर बसली की पहिला प्रश्न आडनावाचा. आडनाव एकच निघाले की दोघांचेही चेहरे उजळतात, डबे उघडतात, आणि लगेच दुसरा प्रश्न येतो: "मूळचे कुठले आपण?" माझ्या मते घराण्याचा शोध या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होतो. पहिल्या प्रश्नावरच जे थांबतात त्यांना आप्त पुष्कळ मिळतात, पूर्वज मात्र क्वचितच. असे का, हे सांगण्यासाठी मी वाचकांना कोकणच्या एका कोपऱ्यात नेणार आहे.

महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री बाणकोटच्या किल्ल्याखाली समुद्राला मिळते. खाडीच्या उत्तर अंगाला श्रीवर्धन, दक्षिण अंगाला वेळास आणि त्याच मंडणगड तालुक्यात डोंगराच्या आडोशाला आंबडवे. या एवढ्याशा टापूतून तीन घराणी बाहेर पडली. तिन्ही इतिहासात गेली, आणि तिघांचीही आडनावे वाटेत बदलली.

श्रीवर्धनची देशमुखी भटांकडे होती. जंजिऱ्याच्या सिद्दीशी पटेना म्हणून बाळाजी विश्वनाथ भट देशावर आले, आणि १७१३ साली शाहू महाराजांनी त्यांना पेशवेपद दिले. पद पुढे वंशपरंपरेने चालले आणि भटांचे पेशवे झाले. वेळासचे भानू याच बाळाजी विश्वनाथांबरोबर घाट चढून आले. त्यांच्या घराण्यात फडणिशी आली. नाना (१७४२ ते १८००) हे खरे बाळाजी जनार्दन भानू. पण आज शाळेतल्या पोराला 'भानू' म्हटले तर त्याला सूर्य आठवेल, नाना आठवायचे नाहीत!

तिसरे घर आंबडव्याच्या सकपाळांचे. रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार झाले. त्यांचा मुलगा १८९१ साली महू येथे जन्मला आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाला. गावावरून आंबडवेकर व्हायचे, त्याचे आंबेडकर झाले आणि शाळेच्या रजिस्टरात 'भिवा रामजी आंबेडकर' असे नाव पडले. आंबडव्याने आपले नाव असे एका शाळेच्या दप्तरात ठेवले आणि तेथून ते जगभर गेले.

आता गंमत पाहा. आंबडव्यातच राहिलेल्या माणसाला आंबडवेकर कोण म्हणणार? वेळासात सगळेच वेळासचे. 'कर' हा प्रत्यय माणसाला गाव सुटल्यावर चिकटतो. म्हणजे असे आडनाव पूर्वजाचे नाव सांगत नाही. तो ज्या दिवशी वेशीबाहेर पडला त्या दिवसाची खूण तेवढी ते सांगते. एकाच गावातून ब्राह्मण निघाला, कुणबी निघाला, सोनार निघाला. परमुलखात तिघांनाही त्याच गावाचे नाव मिळाले. शंभर वर्षांनी त्यांची नातवंडे एका चाळीत शेजारी आली तर आडनाव एक, रक्त तीन. तरीसुद्धा हे नाते मी खोटे मानणार नाही. एका पाणवठ्याचे नातेही नातेच आहे.

हुद्द्याच्या आडनावांचा तर पार बाजार आहे. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, पाटील, चिटणीस, पोतनीस, मुजुमदार! जितके परगणे तितके देशमुख. त्यांत मराठे आहेत, ब्राह्मण आहेत, कायस्थ प्रभूही आहेत. दोन कुलकर्णी भेटले म्हणजे इतकेच कळते, की दोघांच्याही वाडवडिलांनी कुठल्यातरी गावचा हिशेब लिहिला. ते वतन १ मे १९५१ रोजी कायद्याने संपले. आडनाव शिल्लक आहे.

धंदाही आडनाव देतो. साताऱ्याकडील कटगुणचे गोऱ्हे पुण्यात पेशव्यांना फुले पुरवू लागले आणि फुले झाले. जोतीरावांचा मूळ माग काढायचा तर 'फुले' या नावाने शोधून काय उपयोग?

सर्वांत सावध राहावे ते सकपाळांसारख्या आडनावापाशी. कान्होजी आंग्रे यांचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडीवरून ते आंग्रे झाले असे सांगतात. कोकणात सकपाळ मराठ्यांत आहेत, तसे त्या काळच्या महार समाजातही आहेत. शिंदे, जाधव, मोरे, पवार, गायकवाड यांचीही हीच कथा. एखादा उत्साही गृहस्थ आपले आडनाव इतिहासाच्या पुस्तकात पाहतो आणि त्या शूर पुरुषाला थेट आपला पणजोबा करून टाकतो. अशा वंशावळी मी पाहिल्या आहेत. वरच्या चार पिढ्या सरदारांच्या, खालच्या चार खऱ्या, आणि मध्ये दीडशे वर्षांचे भगदाड. ते भगदाड बुजवायला कागद लागतो.

कागद आहेत कुठे? त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत. तेथे नुसते आडनाव सांगून भागत नाही, गावही सांगावे लागते. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी बैलावर बसून दारी येतो आणि कुणब्याच्या घराच्या पिढ्या घडघडा म्हणून दाखवतो. वतनदारांच्या घरी करीने आणि महजर असतात. वतनाचा तंटा पडला की गोत बसे, आणि निवाड्याच्या कागदावर पाटील नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या हत्याराची. चित्पावनांनी तर विसाव्या शतकात घराण्याघराण्यांचे कुलवृत्तांत छापले. आडनावाच्या प्रत्येक माणसाला पत्रे पाठवून माहिती मागवायची, आणि कुलस्वामी, गोत्र, मूळ गाव पडताळून शाखा जुळवायच्या. हे काम चिकाटीचे होते, आणि मोठे होते.

पण ज्याच्या घरी वतन नव्हते, ज्याला काशी घडली नाही, त्याने काय करावे? खोताच्या वहीत त्याचा पूर्वज सापडला तर 'रामा बिन शिवा' एवढाच सापडतो. आडनाव लिहिण्याची गरजच खोताला वाटली नाही! खोती १९४९ च्या कायद्याने गेली. वहीतला रामा तसाच बिनआडनावाचा राहिला. अशा हजारो घरांना आडनाव पहिल्यांदा लिहून मिळाले ते पलटणीच्या यादीत, गिरणीच्या हजेरीपटात आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात. म्हणून शाळेच्या माळ्यावरची वाळवी लागलेली रजिस्टरे रद्दीत देण्याचा विषय निघाला की माझ्यातला मास्तर अस्वस्थ होतो. गरिबाचा कुलवृत्तांत तोच आहे.

याची प्रचीती अलीकडेच आली. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली गेली आणि गावोगावची जुनी रजिस्टरे, जन्ममृत्यूच्या नोंदी, मोडी कागद बाहेर निघाले. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. आरक्षणाच्या वादात मी येथे शिरत नाही. पण आजोबांच्या नावापुढचा एक शब्द नातवाचे शिक्षण आणि नोकरी ठरवू शकतो, हे त्या वर्षी खेड्यातल्या माणसालाही कळले. त्या दप्तरांतही आडनाव सारखे असून भागले नाही. आपल्या गावचा, आपल्याच घरातला माणूस तो हाच, हे पिढी जोडून दाखवावे लागले.

या सगळ्या शोधात निम्मी माणसे मात्र हरवलेलीच आहेत. मुलगी लग्न होऊन जाते तेव्हा आडनाव बदलते, पुष्कळदा पाळण्यातले नावही बदलते. कुलवृत्तांतात 'अमक्यांस दिली' एवढी ओळ आणि पुढे कोरे. श्राद्धाच्या वेळी मातामहाचे नाव घ्यावे लागते म्हणून निदान आईच्या बापाची आठवण राहते. आईच्या आईचे माहेर कोणते, हे सांगणारा घरात एखादाच निघतो. जात्यावरच्या ओव्यांतून बायकांनी माहेरची गावे, भावांची नावे जपली होती. जाती बंद पडली तशी तीही वाट बुजली.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारने आईचे नाव घातले आहे. मूल, मग आई, मग वडील, मग आडनाव. ही मुले आता लवकरच शाळेत येतील आणि रजिस्टरातला रकाना थोडा लांबेल. आईच्या माहेराचे आडनाव मात्र त्यातही नाही. ते अजून घरातल्या म्हातारीलाच विचारावे लागते. आणि तिला विचारायचे असेल तर या दिवाळीत, फराळ चालू असतानाच, वही जवळ घेऊन विचारलेले बरे.