शहराच्या मध्यभागी ‘सावकाश’चा फलक: वेगमर्यादा कमी करणाऱ्या पाट्या कशा काम करतात?

शहराच्या जुन्या बाजारपेठेत शिरताना खांबावर एक गोल पाटी दिसते. पांढरा रंग, लाल कड आणि मधे काळ्या अक्षरांत २० किंवा ३०. आपण तिच्याकडे बघतो आणि पुढे जातो. बहुतेकांना ती सूचना वाटते. प्रत्यक्षात तो कायद्याचा आदेश असतो.

ही पाटी कुठे लावायची, किती अंतरावर पुन्हा लावायची, कुठे मुद्दाम लावायची नाही, यामागे नियम आहेत. आणि नुसती पाटी लावून वेग कमी होतो का, याचं उत्तर उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात मोजून पाहिलं गेलं आहे. ते सगळं सोप्या शब्दांत समजून घेऊया.

शहराच्या मध्यभागी वेग कमी का करतात?

कारण तिथे गाड्यांपेक्षा माणसं जास्त असतात. दुकानं, बस थांबे, शाळा, कार्यालयं, रस्ता ओलांडणारे लोक, सायकली, सगळं एकाच रस्त्यावर.

ब्रिटनमध्ये वेग मैलांत मोजतात. तिथे वस्तीतल्या रस्त्यांवर पूर्वापार मर्यादा ताशी ३० मैल, म्हणजे सुमारे ४८ किमी. ती अनेक ठिकाणी २० मैलांवर, म्हणजे सुमारे ३२ किमीवर आणली गेली. तिथल्या वाहनचालकांच्या अधिकृत मार्गदर्शिकेत गाडी थांबायला लागणारं अंतर दिलेलं आहे. २० मैल वेगाला ते १२ मीटर आहे: धोका लक्षात येईपर्यंत ६ मीटर आणि ब्रेक दाबल्यावर ६ मीटर. ३० मैल वेगाला तेच २३ मीटर होतं: आधी ९ आणि ब्रेकनंतर १४.

आता समजा, १५ मीटरवर एक मूल अचानक रस्त्यात आलं. २० मैल वेगाची गाडी त्याच्या तीन मीटर अलीकडे थांबेल. ३० मैल वेगाच्या गाडीचे पहिले ९ मीटर चालकाला भान येण्यातच जातील. उरलेल्या ६ मीटरमध्ये ब्रेक लागूनही ती मुलाला धडकेल तेव्हा तिचा वेग साधारण ताशी ३६ किमी असेल. म्हणजे पहिली गाडी ज्या वेगाने धावत होती, त्याहून जास्त वेगाने दुसरी धडकते. फरक फक्त दहा मैलांचा आहे.

यात वेळ किती जातो? दोन किलोमीटरचा टप्पा ४८ च्या वेगाने न थांबता पार केला तर अडीच मिनिटं लागतात, ३२ च्या वेगाने पावणेचार. फरक सव्वा मिनिटाचा. सिग्नल आणि गर्दी धरली तर तोही कमी होतो.

गोल, त्रिकोणी, चौकोनी: आकाराचा अर्थ काय?

रस्त्यावरच्या फलकांची भाषा जगात बऱ्याच अंशी एकसारखी आहे. १९६८ च्या व्हिएन्ना करारात ती ठरवली गेली. साधा नियम असा:

• लाल कडेचं वर्तुळ: आदेश. मोडला तर दंड.
• लाल कडेचा त्रिकोण: इशारा. पुढे वळण, शाळा किंवा अरुंद पूल आहे.
• चौकोन किंवा आयत: माहिती. पेट्रोल पंप, रुग्णालय, पार्किंग.

म्हणून आपल्याकडे दिसणारी ‘पुढे शाळा आहे, वाहने सावकाश हाका’ ही पाटी आणि ‘३०’ लिहिलेली गोल पाटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली काळजी घ्यायला सांगते, पण सावकाश म्हणजे किती ते सांगत नाही. दुसरी आकडा देते, आणि तो ओलांडला की गुन्हा होतो.

हद्द कशी दाखवतात?

कमी वेगाच्या भागाला सुरुवात आणि शेवट असावा लागतो. ब्रिटनमधली पद्धत बघितली की हे नीट कळतं.

सुरुवातीचा फलक: त्या भागात येणाऱ्या प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी तो लागतो. शक्यतो रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे एका बाजूला ट्रक उभा असला तरी दुसरीकडचा दिसतो. एक गल्ली जरी राहिली तर तिथून आलेल्या चालकाला आपण हद्दीत शिरलो हे कळणारच नाही.

आठवणीचे फलक: आतल्या रस्त्यांवर दिव्याच्या खांबांना छोट्या आकाराच्या त्याच पाट्या असतात. चालक दोन चौक गेला की मर्यादा विसरतो, म्हणून.

रस्त्यावरचा आकडा: डांबरावर पांढऱ्या रंगात वर्तुळ आणि आत आकडा काढतात. जवळून पाहिलं तर ते वर्तुळ लांबट, ताणलेलं दिसतं. ते मुद्दाम तसं काढलेलं असतं. चालक रस्त्याकडे तिरक्या नजरेने पाहतो, त्यामुळे गाडीतून ते गोल दिसतं.

शेवटचा फलक: इथून पुढे जुनी मर्यादा सुरू, असं सांगणारा.

‘लिमिट’ आणि ‘झोन’ यांत फरक काय?

ब्रिटनमध्ये कमी वेगाचे दोन प्रकार आहेत. ‘लिमिट’ म्हणजे मुख्यतः फलक आणि कायदेशीर आदेश. रस्त्याची रचना आहे तशीच राहते. ‘झोन’ म्हणजे फलकांसोबत रस्त्यातही बदल: गतिरोधक, अरुंद केलेली तोंडं, उंच केलेले क्रॉसिंग. झोनच्या तोंडाशी मोठा आयताकृती फलक असतो, त्यात वर्तुळातला २० आणि खाली ‘झोन’ हा शब्द. युरोपातल्या इतर देशांतही अशीच चौकोनी ‘झोन ३०’ची पाटी दिसते.

लिमिट स्वस्तात आणि लवकर होते. झोनला पैसा, वेळ आणि रस्त्याचं खोदकाम लागतं. त्यामुळे नगरपालिकांचा कल आधी लिमिटकडे असतो.

काही ठिकाणी फलक मुद्दाम का लावत नाहीत?

ब्रिटनमध्ये जुना नियम आहे: इंग्लंड आणि वेल्समध्ये ज्या रस्त्यावर दिव्यांचे खांब २०० यार्डांपेक्षा, म्हणजे सुमारे १८३ मीटरपेक्षा जास्त अंतरावर नाहीत, तिथे वस्तीतली मर्यादा आपोआप लागू होते. दिव्याचा खांब हाच तिथे फलक. वेगळा आकडा असेल तरच पाटी लावायची.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी वेल्सने ही आपोआप लागू होणारी मर्यादा ३० वरून २० मैलांवर आणली. त्यासोबत पाट्यांचं गणित उलटं झालं. आधी २० ची पाटी हा अपवाद होता. आता २० हा नियम झाला, म्हणून आतल्या रस्त्यांवरच्या २० च्या आठवणीच्या पाट्या उतरवल्या गेल्या आणि ज्या रस्त्यांना ३० ची सवलत दिली तिथे ३० च्या पाट्या आल्या. ब्रसेल्सने १ जानेवारी २०२१ पासून आणि पॅरिसने ३० ऑगस्ट २०२१ पासून बहुतेक रस्त्यांवर ताशी ३० किमी हाच नियम केला, तेव्हाही विचार हाच होता: अपवाद थोडे असले की पाट्याही थोड्या लागतात आणि चालकाचा गोंधळ कमी होतो.

नुसत्या फलकांनी वेग कमी होतो का? बेलफास्टचा अनुभव

बेलफास्टने फेब्रुवारी २०१६ मध्ये शहराच्या मध्यभागातल्या ७६ रस्त्यांवर २० मैलांची मर्यादा लागू केली. पद्धत ‘लिमिट’ची होती: फलक लागले, आदेश निघाला, गतिरोधक बांधले नाहीत. संशोधकांनी पुढची तीन वर्षं मोजमाप केलं. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

पहिल्या वर्षी सरासरी वेग ताशी फक्त ०.२ मैलांनी कमी झाला. तीन वर्षांनंतर घट ०.८ मैलांची होती. जखमी आणि मृतांची संख्या कमी झालेली दिसली, पण ती घट मर्यादेमुळेच झाली असं संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठामपणे म्हणता आलं नाही.

असं का झालं असावं? एक तर भाग लहान होता. दुसरं, गर्दीच्या मध्यभागात गाड्या मुळातच फार वेगात नसतात, त्यामुळे कमी व्हायला वाव थोडा असतो. तिसरं, रस्ता तसाच रुंद आणि सरळ राहिला तर चालकाचा पाय रस्त्याचं ऐकतो, पाटीचं कमी.

शेजारच्या स्कॉटलंडमध्ये एडिनबर्गने २०१६ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्याने जवळजवळ सगळ्या शहरात २० मैलांची मर्यादा आणली. मध्यभाग पहिल्या टप्प्यात होता. फलकांसोबत जनजागृती आणि पोलिसांची कारवाईही होती. तिथे सरासरी वेग ताशी १ मैलाहून थोडा जास्त कमी झाला. वेल्समध्ये तर गावांतून जाणाऱ्या मुख्य रस्त्यांवर सुरुवातीच्या मोजणीत ताशी सुमारे ४ मैलांची घट दिसली. तिथे आधीचा वेग जास्त होता आणि नियम देशभर एकच होता.

तिन्ही ठिकाणचा अनुभव एकत्र ठेवला तर दिसतं ते असं: फलक आवश्यक आहे, पण एकटा फार करू शकत नाही. भाग मोठा हवा, नियम सगळ्यांना माहीत हवा, कारवाईची शक्यता खरी वाटायला हवी आणि जमेल तिथे रस्त्यानेच वेग रोखायला हवा.

मग फलक नसला तर काय बिघडतं?

कायदाच लंगडा पडतो. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सला लागू असलेल्या १९८४ च्या रस्ते वाहतूक नियमन कायद्यात स्पष्ट म्हटलं आहे की जिथे दिव्यांच्या खांबांचा नियम लागू नाही, तिथे वेगमर्यादा फलकाने दाखवलेली नसेल तर चालकाला दोषी ठरवता येत नाही. म्हणजे वेग कमी करणं हे फलकाचं एकट्याचं काम नसलं, तरी नियम लागू करणं हे त्याचंच काम आहे.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये याची सोय आहे. केंद्र सरकारने २०१८ च्या अधिसूचनेत शहराच्या हद्दीत मोटारींसाठी ताशी ७० किमी आणि मोटारसायकलींसाठी ६० किमी ही कमाल मर्यादा दिली. हे वरचं टोक आहे. स्थानिक पातळीवर त्याहून कमी मर्यादा ठरवता येते.

ती कशी ठरवायची, हे कलम ११२ सांगतं. राज्य सरकार किंवा त्याने नेमलेला अधिकारी सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याचं, पुलाचं स्वरूप पाहून वेग कमी करू शकतो. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: राजपत्रात अधिसूचना, आणि कलम ११६ नुसार योग्य ठिकाणी वाहतूक चिन्हं. निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळ राहणार नसेल, तर अधिसूचनेची गरज नाही.

चिन्हं पाळणं कलम ११९ ने बंधनकारक आहे. वेगमर्यादा मोडल्यास कलम १८३ नुसार हलक्या वाहनाला पहिल्या गुन्ह्यासाठी १,००० ते २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. ‘गाडी जोरात होती असं मला वाटलं’ एवढ्या एका साक्षीदाराच्या मतावर शिक्षा होत नाही. ते मत यंत्राने मोजलेल्या वेगावर आधारलेलं असावं लागतं.

तुमच्या भागात काय बघाल?

तुमच्या शहराच्या मध्यभागी वेगमर्यादेचा बोर्ड असेल तर पुढच्या वेळी एवढं तपासा:

• बोर्ड गोल आणि आकड्याचा आहे, की नुसतं ‘सावकाश’ लिहिलं आहे?
• त्या भागात येणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर आहे, की फक्त मुख्य चौकात?
• झाडाची फांदी, फ्लेक्स किंवा उभा टेम्पो त्याला झाकतो का?
• रात्री हेडलाइटच्या उजेडात आकडा वाचता येतो का?
• मर्यादा कुठे संपते, हे कुठे लिहिलं आहे का?

बोर्ड झाकलेला किंवा गायब असेल तर दिवसाचा आणि रात्रीचा फोटो, रस्त्याचं नाव आणि जवळची खूण देऊन वाहतूक पोलीस आणि महापालिका दोघांकडे लेखी तक्रार करा. वेगमर्यादेची अधिसूचना निघाली आहे का, हे माहिती अधिकार कायदा २००५ खाली विचारता येतं. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं.

आणि बोर्ड व्यवस्थित असेल तर बाकीचं काम ब्रेकवर पाय असलेल्याचं. १५ मीटरवर मूल आलं तर गाडी अलीकडे थांबेल की धडकेल, हे ब्रेक दाबण्याच्या आधीच्या वेगावर ठरतं.