पक्षी उडता, पार्श्वभूमी बोलकी

मुंबईतील शिवडीच्या जेट्टीवरून फ्लेमिंगोंची, म्हणजेच रोहित पक्ष्यांची छायाचित्रे टिपणाऱ्या नवख्या छायाचित्रकारांची तक्रार बहुधा एकच असते. डोळ्यांना गुलाबी दिसलेला थवा छायाचित्रात काळा कसा उमटला? दोष कॅमेऱ्याला दिला जातो, क्वचित महागडे भिंग घेण्याचा निर्णयही होतो. प्रत्यक्षात पक्ष्यामागे काय होते, याकडे झालेले दुर्लक्षच बहुतेक वेळा त्यास कारणीभूत असते.

समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे, असे कॅमेऱ्यातील प्रकाशमापक ढोबळमानाने गृहीत धरतो. चौकटीचा बहुतांश भाग पांढुरक्या आकाशाने व्यापला, की तो एक्स्पोजर घटवतो. आकाश करडे होते आणि पक्षी काळवंडतो. अशा वेळी एक ते दोन स्टॉप वाढवावे लागतात. गर्द तिवरांसमोरून बगळा उडत गेला, तर नेमके उलटे घडते. कॅमेरा अंधार उजळू पाहतो आणि बगळ्याची पिसे तपशील हरवून पांढरा डाग बनतात. काळवंडलेला पक्षी संगणकावर काही प्रमाणात उजळता येतो, जरी सावलीच्या भागात रवाळपणा येत असला तरी. पांढऱ्या डागात गेलेला तपशील मात्र परत मिळत नाही. एकच पक्षी क्षणार्धात आकाशासमोरून झाडीसमोर जातो. त्याच्यावर पडणारे ऊन तेवढ्यात बदलत नाही, बदलते ती पार्श्वभूमी. म्हणूनच अनुभवी छायाचित्रकार पक्ष्यावरील प्रकाश पाहून एक्स्पोजर स्वतः निश्चित करतात आणि ऊन बदलेपर्यंत त्याला हात लावत नाहीत.

हा प्रश्न उडत्या पक्ष्यांच्या छायाचित्रणाइतकाच जुना आहे. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतियें-ज्यूल मारे यांनी १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा तयार केला. तो सेकंदाला १२ चित्रे टिपत असे. मात्र उजळ आकाशासमोरच्या पक्ष्यांच्या त्यात केवळ काळ्या आकृत्या उमटत. पुढे मारे यांनी काळी पार्श्वभूमी उभारून तिच्यासमोरून पांढरे पक्षी उडवले. एकाच काचेवर अनेकदा प्रकाश घ्यायचा, तर मागचा भाग प्रकाशहीन असणे अत्यावश्यक होते. अन्यथा प्रत्येक वेळी काच अधिकाधिक धूसर झाली असती. पंखांच्या फडफडीचे टप्पे एकाच चित्रात वाचता आले, ते त्या काळ्या पडद्यामुळे.

फोकसची अडचण वेगळी. निरभ्र आकाशात पक्षी हीच एकमेव ठळक वस्तू असल्याने ऑटोफोकस तिला सहज पकडतो. लव्हाळे, तिवर वा लाटांची चकाकी मागे असली, की तो तिकडे घसरतो. २०२० नंतरच्या अनेक मिररलेस कॅमेऱ्यांना पक्ष्याचा डोळा ओळखता येऊ लागल्याने हा त्रास बराच घटला, पण दाट झाडीसमोर तो अद्याप जाणवतो. शिवाय अंतराचे गणित कोणताही कॅमेरा बदलू शकत नाही. ४०० मिमी भिंग, एफ ५.६ छिद्र आणि २० मीटरवरील पक्षी असे धरल्यास स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम एक मीटरचा असतो. मागची झाडी दोन मीटरवर असेल तर तिच्या फांद्या ओळखू येतात आणि पंखांच्या कडांशी भांडतात. तीच झाडी दोनशे मीटरवर असेल तर उरतो निव्वळ हिरवा रंग.

निळे आकाश सोपे खरे, पण त्यासमोरचा पक्षी पुष्कळदा टांगून ठेवल्यासारखा भासतो. वेग दाखवण्यासाठी पक्ष्यासोबत कॅमेरा फिरवत एकतीसांश ते एकसाठांश सेकंदाच्या शटरने चित्र घेतले, तर मागच्या झाडीच्या आडव्या रेघा होतात आणि गती डोळ्यांत भरते. कोऱ्या आकाशात ओढायला रेघच नसते.

ठाणे खाडीचे दोन काठ या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहेत. शिवडीचा किनारा पूर्वाभिमुख. सकाळी सूर्य समोर येतो आणि थवे काळे उमटतात. दुपारनंतर तोच सूर्य पाठीशी येतो. पक्षी सहसा वाऱ्याच्या दिशेने तोंड करून झेपावतात आणि मुंबईत दुपारी वारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे उठणारा थवा किनाऱ्याकडे वळण्याचा संभव अधिक. समोरच्या काठावरील ऐरोलीहून पाहताना प्रकाशाची वेळ उलटी. तेथून निघणाऱ्या वनविभागाच्या बोटीत बसल्यावर भिंग पाण्यालगत येते आणि उडत्या पक्ष्यामागे जवळचा चिखल नव्हे, तर दूरचा काठ दिसतो.

त्या दूरच्या काठावर मात्र शहर आहे. इमारती, धुराडी, तारा आणि शिवडीकडे २०२४ च्या जानेवारीत खुला झालेला अटल सेतू. अनेकजण ते चौकटीबाहेर ठेवण्याचा आटापिटा करतात. मोकळ्या आकाशासमोरचा रोहित कोणत्याही देशातला असू शकतो. सेतूच्या खांबांसमोरचा रोहित मात्र मुंबईचाच. काही वर्षांनी खाडीत काय बदलले हे पाहणाऱ्याला दुसरेच चित्र उपयोगी पडेल. संगणकावर पार्श्वभूमी बदलण्याची सोय आता मोबाइलवरही आहे, परंतु ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’सारख्या स्पर्धांत चित्रात काही घालणे वा त्यातून काही काढणे निषिद्ध आहे.

याहून गंभीर प्रकार म्हणजे हवी ती पार्श्वभूमी मिळावी म्हणून थव्याला ओरडून, दगड मारून वा ड्रोन सोडून उठवणे. चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना ओहोटीचे मोजकेच तास मिळतात. प्रत्येक विनाकारण झेप त्यातूनच वजा होते. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला असून, वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात वन्यप्राण्यांना छेडण्यास मनाई आहे. तसे करण्याची गरजही नसते. भरतीचे पाणी चढू लागले की चिखलपट्टे एकेक करून बुडतात आणि थवे आपणहून किनाऱ्याच्या दिशेने सरकत, उडत जागा बदलतात.