फ्लोराइड: तिकडे घालायचं का, इकडे काढायचं कसं

अमेरिकेतल्या युटा राज्याने २०२५ मध्ये नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला बंदी घातली आणि "आपल्यालाही विष पाजतायत" असे फॉरवर्ड इथे फिरायला लागले. मंडळी, आपल्याकडे सरकार नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळतच नाही. तरी हा इतिहास आपल्या कामाचा आहे, पण वेगळ्या कारणाने.

सुरुवात झाली ती डागांपासून. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य कोलोरॅडो स्प्रिंग्जला आला, तर तिथे कित्येकांचे दात तपकिरी. गंमत म्हणजे ते किडायचे मात्र कमी. कारण सापडायला तीस वर्षं गेली. अर्कान्सामधल्या बॉक्साइट गावात असेच दात होते आणि गाव होतं ॲल्युमिनियम कंपनीचं. ठपका ॲल्युमिनियमवर येईल या धास्तीने कंपनीचे रसायनतज्ज्ञ चर्चिल यांनी १९३१ मध्ये पाणी तपासलं, तर निघालं फ्लोराइड! (विज्ञान पुढे गेलं ते कंपनीच्या नावाच्या काळजीने. असो.)

मग ट्रेंडली डीन यांनी हिशेब मांडला: लिटरमागे साधारण १ मिलिग्रॅम असेल तर कीड कमी आणि डागही फारसे नाहीत. २५ जानेवारी १९४५ ला ग्रँड रॅपिड्स शहरात फ्लोराइड मिसळायला सुरुवात झाली. तुलनेसाठी ठेवलेल्या मस्कीगन शहराने प्रयोग संपायच्या आतच, १९५१ मध्ये, तेही सुरू केलं. विरोधकांच्या हाती आयतं कोलीत! माझ्या मते फायदा खरा होता, पण आज टूथपेस्टमध्येच फ्लोराइड असतं, म्हणून फरक कमी दिसतो. त्यांचं भांडण त्यांना लखलाभ.

आपण अजून मॅकेच्या त्या डागांपाशीच आहोत. १९३७ मध्ये मद्रास इलाख्यात नेल्लोरकडे फ्लोरोसिसची नोंद झाली. यात दात तर जातातच, शिवाय वर्षानुवर्षं असं पाणी पोटात गेलं की सांधे आखडतात, पाठ वाकते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत हेच चाललंय. फ्लोराइड खडकातलं. बोअर खोल गेल्या आणि ते घरात आलं. वास नाही, चव नाही, त्यामुळे कळतही नाही.

उपाय आपल्या नागपूरच्या नीरीनेच सत्तरच्या दशकात दिला: चुना आणि तुरटी वापरून फ्लोराइड काढायची 'नलगोंडा' पद्धत. मर्यादाही ठरलेली आहे, लिटरमागे १ मिलिग्रॅम. दुसरं पाणीच नसेल तर १.५.

आणि हो, पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. बोअरचं पाणी पिणाऱ्यांनी ग्रामपंचायतीत जाऊन आपल्या बोअरचा फ्लोराइडचा आकडा मागा. मिळाला तर इथे कमेंटमध्ये टाका. नाही मिळाला तर तेही टाका.