सेवा कुणाला परवडते?

कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी झेडपीच्या शाळेत जाऊन पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला शिकवावं, या सूचनेला कुणी विरोध केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. प्राचार्यांना ती आवडते, केंद्रप्रमुखांना आवडते, सरपंचांनाही आवडते. त्या तासांचे विद्यार्थ्यांना पैसे द्यावेत, असं पुढे म्हटलं की मात्र चेहरे बदलतात. विद्यादानाला मोल लावायचं का, असं विचारलं जातं. मग राष्ट्रीय सेवा योजनेचा दाखला येतो. १९६९ पासून पोरं दोन वर्षांत २४० तास समाजाला देत आली, त्यांनी कधी बिल लावलं का?

या मताचे कैवारी त्याची बाजू मांडतात त्यापेक्षा ती नीट मांडता येते, म्हणून आधी ती मांडतो. पैसा आला की हजेरीपट येतो, आणि हजेरीपटामागोमाग न आलेल्याची सहीही येते. मानधन ट्रेझरीत अडकलं की शिकवणं त्याच आठवड्यात थांबतं आणि मुलाची बाराखडी अर्ध्यावर राहते. आवडीने आलेला विद्यार्थी गरजेपोटी आलेल्यापेक्षा जास्त जीव लावतो. शेवटचा मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे: सरकारला स्वस्तातला माणूस मिळाला की ते शिक्षकाची जागा भरायला विसरतं.

हे मत नुसतं चावडीवरचं नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या कस्तुरीरंगन समितीने केलेल्या २०१९ च्या मसुद्यात मागे पडलेल्या मुलांसाठी स्थानिक वस्तीतून, विशेषतः स्त्रियांमधून, साहाय्यक नेमण्याचा दहा वर्षांचा कार्यक्रम होता. जुलै २०२० मध्ये धोरण मंजूर होऊन आलं, त्यात तो नव्हता. त्याच्या जागी मुलांनी मुलांना आनंदाने शिकवावं आणि गावातल्या प्रत्येक साक्षर माणसाने एकाला वाचायला शिकवावं, असं आवाहन आलं. नेमणूक गेली, आवाहन उरलं.

आता हे आवाहन नंदुरबार जिल्ह्यात करून पाहा.

१ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत इथली सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी होती आणि साक्षरता साधारण ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात पावरी आणि भिली बोलतात, नवापूरकडे मावची. खाली सपाटीवर, शहादा-नंदुरबारात, अहिराणी, गुजरी आणि मराठी. पाड्यावरचं सहा वर्षांचं मूल शाळेत येतं तेव्हा समोरचं पुस्तक मराठीत असतं आणि पुष्कळदा शिक्षकही पावरी न येणारा असतो.

अशा जिल्ह्यात फुकट शिकवायला कोण येईल? ज्याच्या दुपारी मोकळ्या आहेत तो. घर शहरात, जेवण आईच्या हातचं, दाराशी मोटरसायकल, फी भरलेली. हा मुलगा वाईट नाही, तो मनापासून येईलही. पण त्याला पावरी येत नाही. ज्याला येते तो चांदसैली घाट उतरून तळोद्याला किंवा शहाद्याला शिकायला आलेला असतो. वसतिगृहात नंबर लागला तर ठीक, नाहीतर चौघांत एक खोली. दिवाळीनंतर त्याच्या घरचे बारडोली-नवसारीकडे ऊसतोडीला जातात, आणि सुट्टीत कधी तोही कोयता घेऊन मागोमाग जातो. त्याच्याकडे दोन तास फुकट मागणं म्हणजे दोन तासांची मजुरी मागणं. २०२५-२६ साठी रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांनी भागला तर तासाला ३९ रुपये.

मोबदला नाकारून आपण सेवाभावाची निवड करतो, असं या मताच्या मंडळींना वाटतं. प्रत्यक्षात निवड होते ती सवडीची. आणि या जिल्ह्यात सवड आणि पाड्याची बोली एका घरात सहसा नांदत नाहीत. तिथल्या मुलाला वाचायला शिकवायला जो सर्वांत योग्य, नेमका तोच फुकटच्या अटीमुळे गळतो. माझा वाद एवढ्यासाठीच आहे. बाकीचे मुद्दे त्यानंतरचे.

बोलीचा वाचनाशी संबंध काय, असं कुणी विचारेल. अक्षरं काय, कुणीही शिकवेल. अक्षरं शिकवता येतात हे खरं. धडगावात मूल ‘घर’, ‘बदक’, ‘पाऊस’ खणखणीत वाचून दाखवतं आणि पाहुणे टाळ्या वाजवतात. पण वाचलेल्याचा अर्थ लागला का, हे विचारायचं कोणत्या भाषेत आणि उत्तर घ्यायचं कोणत्या? पहिल्या दोन वर्षांत मुलाला वाचलेलं आपल्या बोलीत सांगू द्यावं, त्याने सांगितलेलं वाक्य देवनागरीत लिहून त्यालाच वाचायला द्यावं, एवढं करायला पदवी लागत नाही, बोली लागते. नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी हे नव्वदच्या दशकापासून करून दाखवलं: गावातलीच मुलं शिक्षक, मुलांच्या बोलीतलं वाचनसाहित्य.

‘आपली परंपरा विनामोबदला ज्ञानदानाची’ या वाक्याचंही थोडं पाहू. कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी लहान मुलांना शिकवण्याचा आपल्याकडचा एक नामांकित प्रयोग १८४९ चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या मंडळींनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीतर्फे मुलींच्या शाळा काढल्या. त्यात तरुण दादाभाई नौरोजी होते. आपापल्या कामाआधी, सकाळच्या वेळी, ही मंडळी फुकट शिकवत. हे थोर होतंच. पण त्या शाळा टिकल्या त्या कामा कुटुंबाने खर्चाची जबाबदारी घेतल्यावर आणि पगारी शिक्षक आल्यावर. परंपरेतली पहिली ओळ आपण पाठ केली आणि दुसरी गाळली.

अलीकडचा दाखला अधिक नेमका आहे. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबईत आणि बडोद्यात महापालिकेच्या शाळांत बालसख्या नेमल्या. वस्तीतल्याच, शाळा पूर्ण केलेल्या तरुण मुली, त्यांना दोन आठवड्यांचं प्रशिक्षण आणि महिन्याला ५०० ते ७५० रुपये. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं त्या शाळेच्या वेळातच दोन तास वेगळी घेऊन बसत. २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचं मोजमाप केलं. दुसऱ्या वर्षअखेर गुणांतली वाढ ०.२८ प्रमाण विचलनाइतकी निघाली आणि तिचा बहुतेक वाटा बालसखीकडे बसलेल्या मुलांचा होता. दोन गोष्टी लपवायच्या नाहीत: कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात ही वाढ बरीच ओसरली, आणि मुंबईत फायदा भाषेपेक्षा गणितात ठळक होता. म्हणून वाचनाचा चमत्कार म्हणून मी बालसखीकडे बोट दाखवत नाही. डी.एड. नसलेली मुलगी पैसे घेऊन शिकवते आणि तरी तिच्यापुढची मुलं पुढे सरकतात, एवढंच मला त्यातून हवं आहे.

उलट बाजूला उत्तर प्रदेशातलं जौनपूर. तिथे गावोगावच्या स्वयंसेवकांनी विनामानधन वाचनशिबिरं चालवली, चारशेच्या वर. जी मुलं त्यांत बसली त्यांचं वाचन खरोखर सुधारलं. अक्षरही न ओळखणाऱ्यांचं तर सर्वाधिक. पण त्या गावांतली सुमारे ८ टक्केच मुलं शिबिरांपर्यंत पोचली. हा फरक एकट्या पैशाचा होता, असा दावा मी करणार नाही. बालसख्या शाळेच्या वेळात शिकवत होत्या आणि जौनपूरची शिबिरं शाळेबाहेर होती, हाही मोठा फरक आहे. तरी शाळेच्या घड्याळाप्रमाणे रोज हजर राहा, असं बिनपगारी माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

इटलीत २०२० मध्ये विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी मुलांना ऑनलाइन फुकट शिकवलं आणि चांगला परिणाम दिसला, असं उदाहरण सध्या पुढे येतं. खरं आहे. ते विद्यार्थी मिलानच्या विद्यापीठांतले होते, टाळेबंदीत घरी होते आणि त्यांच्यापुढे लॅपटॉप होता.

आता खोट्या सह्या. त्या होतील, पण पैसे कशाचे दिले यावर पुष्कळ अवलंबून आहे. ‘किती मुलं वाचू लागली’ याचे पैसे दिले तर कागदावर सगळीच मुलं वाचू लागतील. निकालाला बक्षीस लावायची चूक करू नये. पैसे तासाचे द्यावेत, तास शाळेच्या इमारतीत, वर्गशिक्षकाच्या डोळ्यांपुढे व्हावा, आणि मुलांची तपासणी तिसऱ्याच कुणी करावी. तपासणारे शोधायलाही लांब जावं लागत नाही. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत घरोघरी फिरून मुलांना अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट वाचायला देणाऱ्यांत जागोजागीची कॉलेजची मुलं असतात. २०२४ च्या ‘असर’नुसार देशातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या २३.४ टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. तिसरीतलं मूल अडखळतं हे आपण या पोरांकडून जाणून घेतो. पुढचं काम मात्र त्यांनी हौसेने करावं, अशी अपेक्षा.

शिक्षकांच्या जागांचा मुद्दा यापेक्षा अवघड, आणि तिथे शिक्षक संघटनांची भीती मला रास्त वाटते. या राज्यात २००० पासून शिक्षणसेवक ३,००० रुपयांवर राबले. वस्तीशाळांतल्यांना सुरुवातीला महिना १,००० मिळत, आणि त्यांना सेवेत सामावून घ्यायला २०१४ उजाडलं. तात्पुरतं म्हणून आलेलं आपल्याकडे दशकभर मुक्काम करतं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २३ शिक्षकाची किमान पात्रता ठरवतं ते उगीच नाही. म्हणून पैसे घेऊन वाचन शिकवणाऱ्या या विद्यार्थ्याला, वाचनसोबती म्हणू त्याला, वर्ग देऊ नये, पाच-सहा मुलं द्यावीत, तीही वाचनापुरती. आठवड्याला दहा तासांची कमाल असावी आणि पदवी संपताच काम संपावं. जिथे मंजूर जागा रिकामी आहे त्या शाळेत हा सोबती पाठवूच नये, ही अट मी सर्वांत वर लिहीन. रिकाम्या वर्गावर विद्यार्थी उभा करणं ही त्याची आणि मुलांची, दोघांचीही फसवणूक आहे.

पैसा कुठून, हे विचारणाऱ्यांसाठी मार्ग जुनाच आहे. अमेरिकेत १९६४ पासून गरजू विद्यार्थ्यांना कॉलेजमार्फत कामाचे पैसे देण्याची सरकारी योजना आहे. १९९७ मध्ये तिथे एवढंच केलं की लहान मुलांना वाचन शिकवणाऱ्या विद्यार्थ्याच्या मजुरीत कॉलेजने घालायचा हिस्सा माफ केला. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने ‘कमवा आणि शिका’ योजना चालतेच. तिच्यात मुलं ग्रंथालयात पुस्तकं लावतात, बागेला पाणी घालतात, ऑफिसात नोंदी करतात, आणि त्या पैशाने त्यांची सेवावृत्ती नासली अशी तक्रार कुणी केलेली नाही. त्याच कामांच्या यादीत वाचनाचा तास घालायचा. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेने बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये दिले, पण शिक्षण सुरू असलेल्याला ती बंद होती. शिकणं सोडलं तर पैसे, असा तो व्यवहार झाला. रोजगार हमीच्या दुप्पट दराने आठवड्याला दहा तास धरले, तर विद्यार्थ्याच्या हाती महिन्याला जेमतेम तीन हजार येतात. एवढ्यात खोलीचं भाडं आणि मेस निघू शकते. मुलींच्या बाबतीत आणखी एक होतं: ‘कामाला जाते’ म्हटलं की घरातून बाहेर पडायला जी मुभा मिळते, ती ‘सेवेला जाते’ म्हणून मिळत नाही.

या सगळ्यात एक भोक आहे. वाचनसोबती कॉलेजच्या गावापासून तास-दीड तासाच्या टापूतच रोज जाऊ शकतो. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, फार तर अक्कलकुवा आणि धडगावच्या भोवतीचे पाडे त्यात बसतात. नर्मदाकाठची गावं बसत नाहीत. दिवाळी ते होळी आईबापांबरोबर ऊसाच्या फडावर गेलेली मुलंही बसत नाहीत. नदीकाठच्या गावांसाठी सुट्टीतली सलग सहा आठवड्यांची नेमणूक करता येईल, गावातल्याच विद्यार्थ्याची, त्याच्याच घरी राहून, रोजच्या पूर्ण मजुरीवर. फडावरच्या मुलांसाठी गुजरातच्या साखर कारखान्यांशी आणि तिथल्या सरकारशी बोलावं लागेल, आणि ते काम कोणत्याही कॉलेजच्या आवाक्यातलं नाही.