मसूर स्टेशनचं चित्र कोण काढणार?

तासगाव तालुक्यातल्या एका पोरानं जयंतीच्या आठवडाभर आधी रात्री साडेअकराला मला व्हॉट्सॲपवर एक चित्र पाठवलं. पोरगा दिवसा मिरजेच्या एमआयडीसीत कामाला असतो आणि रात्री मोबाइलवर डिझाइन करतो. पैसे घेत नाही, हौस म्हणून करतो. चित्राखाली लिहिलं होतं, "दादा, कसं झालंय?"

चित्र एआयनं बनवलेलं होतं. बाबासाहेब गोरेपान, मागं सोनेरी प्रभावळ, ढगांतून उतरणारी किरणं आणि पायाशी हात जोडून उभी असलेली गर्दी. ओळखीचा म्हणावा असा फक्त चष्मा. दुसऱ्या दिवशी तेच चित्र मला आणखी तीन ग्रुपवर दिसलं. मी त्याला रागावलो नाही, कारण दोष त्याच्या एकट्याचा नाही. त्याला उत्तर लिहायला बसलो आणि उत्तर लांबत गेलं. तेच इथं देतोय.

मित्रांनो, आधी "हौस" या शब्दाकडं बघा. हौसेला रिकामा वेळ लागतो, कागद-रंग लागतात, चित्र टांगायला भिंत लागते आणि बघायला माणसं लागतात. आपल्या जिल्ह्यात हे सगळं कुणाकडं होतं? औंधच्या राजाकडं. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. रामायणावर त्यांनी चित्रमालिका काढली आणि ती 1916 साली पुस्तकरूपानं छापूनही आली. 1938 साली त्यांनी औंधच्या यमाई डोंगरावर संग्रहालय उभं केलं. तिथं राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, धुरंधरांची आहेत, हेन्री मूरचं शिल्पसुद्धा आहे. संग्रह मोठा आहे, जाऊन बघावा असाच आहे. राजा कलाप्रेमी होता याबद्दल माझी तक्रार नाही. मुद्दा एवढाच की हौशी चित्रकाराला जे जे लागतं ते सगळं त्याच्या हाताशी होतं, आणि त्या हौसेतून रामायण निघालं.

आता त्याच खटाव तालुक्यातली दुसरी गोष्ट. साल 1901. तालुक्यातल्या गोरेगावजवळ दुष्काळी कामावर तलाव खोदायचं काम चाललं होतं आणि तिथं रामजी सुभेदार खजिनदार होते. मुलं साताऱ्यात. आई भीमाबाई 1896 सालीच साताऱ्यात वारल्या होत्या. वडिलांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना बोलावलं. भीम, त्याचा थोरला भाऊ आणि भाचे आगगाडीनं मसूर स्टेशनावर उतरले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. निदान माहीत असायला हवं, कारण बाबासाहेबांनी ते स्वतः लिहून ठेवलंय. "वेटिंग फॉर अ व्हिसा" या नावानं ते 1990 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं छापलं.

त्यातला एक तपशील मी जेव्हा वाचतो तेव्हा थांबतो. या प्रवासासाठी मुलांना नवे कपडे शिवले होते. इंग्रजी पद्धतीचे सदरे, चमकीच्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. मुलं इतकी नीटनेटकी की स्टेशनमास्तरला कुठल्या तरी वरच्या जातीची वाटली. त्यानं आपुलकीनं विचारपूस केली. पोरानं भाबडेपणानं सांगितलं की आम्ही महार. त्या एका शब्दानं मास्तरचा चेहरा बदलला. मग गाडीवाला मिळेना. दुप्पट भाड्यावर एकजण तयार झाला, तोही अशा अटीवर की बैल मुलांनी हाकायचे आणि तो शेजारून पायी चालणार. शिदोरी भरपूर होती पण पाणी नव्हतं. टोलनाक्यावर आपण मुसलमान असल्याचं सांगूनही पाणी मिळालं नाही. रात्र तशीच काढून मुलं दुसऱ्या दिवशी पोचली.

हे चित्र डोळ्यासमोर आणा. दलित मूल म्हटलं की फाटके कपडे, केविलवाणे डोळे, राखाडी रंग हा सिनेमानं आणि दिवाळी अंकांनी बसवलेला साचा. मसूरच्या फलाटावर तो साचा मोडतो. तिथं जात डोळ्यांना दिसत नव्हती, ती कानावर पडली. गरिबीमुळं अस्पृश्यता येते असं म्हणणाऱ्याला एवढा एक प्रसंग पुरे. रंगात हे दाखवणं अवघड आहे आणि म्हणूनच ते करण्यासारखं आहे.

ते कुणी केलं? मध्य प्रदेशातल्या परधान गोंड समाजातल्या दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी. 2011 साली दिल्लीच्या नवयान प्रकाशनानं काढलेलं "भीमायन" त्यांच्या चित्रांचं आहे. त्यांनी कॉमिकच्या चौकटी नाकारल्या आणि आपल्या गोंड भिंतीवरच्या नक्षीतून पानं बांधली. प्रेमळ माणसाचं बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात आणि जातीचं विष ओकणाऱ्याचं बोलणं विंचवाच्या नांगीच्या फुग्यात घातलं. मसूरचा प्रसंग त्यात आहे. आपल्या जिल्ह्यातल्या पोराची तहान आदिवासी कलावंतांनी काढली, ती जगभर वाचली गेली, आणि आपण इकडं फ्लेक्सवर प्रभावळ लावत बसलो. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, मला त्याची लाज वाटते.

ही प्रभावळ आली कुठून तेही सांगतो. 1894 साली रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि देवादिकांची रंगीत चित्रं घराघरांत गेली. लोकांना "पूज्य माणूस" असाच दिसतो अशी सवय लागली. समोरून बघणारा चेहरा, मागं तेजोवलय, भोवती फुलं. पुढं आपल्या महापुरुषांची कॅलेंडरं छापली गेली तेव्हा छापणाऱ्यांकडं हाच साचा तयार होता. आपल्या आई-बापांनी ती कॅलेंडरं गावकुसाबाहेरच्या घरांत लावली, तेव्हा ते बंडच होतं. देवाच्या जागी बॅरिस्टर लावणं सोपं नव्हतं. त्या कॅलेंडरांना मी कधीच नावं ठेवणार नाही. पण ज्या माणसानं 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीबद्दल इशारा दिला, त्यालाच 2020 नंतरच्या मोबाइलवर ढगात बसवायचं?

पुतळ्यांचा इतिहास याहून वेगळा आहे. कोल्हापूरच्या बिंदू चौकात 9 डिसेंबर 1950 रोजी जोतीराव फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे बसले, तेही बाबासाहेब हयात असताना. तिथं ना प्रभावळ आहे ना कमळ. दोन माणसं चौकात उभी आहेत.

आणि बाबासाहेबांनाही हौस होती हे विसरू नका. उतारवयात, तब्येत साथ देत नसताना, ते व्हायोलिन शिकत होते, चित्र काढायला शिकत होते. पुस्तकांचा, कायद्याचा, चळवळीचा एवढा डोंगर डोक्यावर असलेला माणूस कागद-रंग घेऊन बसतो. कारण हौस ही राजाची मक्तेदारी नाही, हे त्यांना कळत होतं.

आज ती मक्तेदारी खरोखर मोडलीय. पाच इंची मोबाइलवर आयबिस पेंट चालतं. कुणाकडं जुना कॉम्प्युटर असेल तर क्रिता फुकट मिळतं. अक्षरांसाठी एक टाइपवाल्यांचे मुक्त आणि बलू हे फॉन्ट मोफत आहेत. कोरल ड्रॉची चोरलेली कॉपी शोधत फिरायची गरज उरली नाही. सिद्धेश गौतम डिजिटल चित्रांतून, विक्रांत भिसे कॅनव्हासवर, मालविका राज मधुबनीतून आपला इतिहास काढतात. नागपूरचे सवी सावरकर तर कितीतरी आधीपासून काढताहेत.

मग सातारा-सांगलीतल्या आपल्या पोरांनी काय काढावं? यादी देत बसत नाही, पण वाळवा तालुक्यातलं वाटेगाव तुमच्याच जिल्ह्यात आहे. जेमतेम दीड दिवस शाळेत गेलेल्या अण्णा भाऊंनी "फकिरा" बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. जयंतीच्या बॅनरवर मात्र दोघांचे फक्त फोटो शेजारी शेजारी चिकटवलेले असतात. साताऱ्यातली ती शाळा आहे, जिथं 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमाचं नाव दाखल झालं. जोतीरावांच्या घराण्याचं कटगुण खटावातच आहे, सावित्रीबाईंचं नायगाव खंडाळ्यात. सगळं एसटीनं जाऊन बघता येतं. एआयला कटगुणची माती कसली ते माहीत नाही, तुम्हाला आहे.

आणखी एक, जरा कडू. आपल्यात चित्र ढापायची खोड आहे. दुसऱ्याचं नाव क्रॉप करायचं आणि खाली आपल्या मंडळाचा लोगो आणि भावी नगरसेवकाचा फोटो ठोकायचा. रात्र रात्र जागून काढणारं पोरगं अशानं दोन वर्षांत हात आखडतं. ज्यांच्या कष्टावर पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याचं नाव लागलं, त्यांनीच हे करावं? चित्र वाटायचं तर काढणाऱ्याच्या नावासकट वाटा. आणि काढणाऱ्यांनो, तुम्हीही नुसती जेपीजी पाठवू नका, लेयर उघडे असलेली फाइल द्या, म्हणजे जतच्या पोरीला त्यावर पुढचं काम करता येईल.

एवढं सगळं त्या पोराला पाठवलं. दोन दिवस काही उत्तर नाही. मला वाटलं, दुखावला. तिसऱ्या रात्री कच्चं रेखाटन आलं. फलाटावर पाठमोरी मुलं, समोर मास्तर अर्धवट मागं सरकलेला. रंग फक्त टोप्यांना. खाली प्रश्न, "दादा, पाणी कुठं दाखवू?"

मी लिहिलं, दाखवूच नको.

फाइल सध्या कराडच्या एका ताईंकडं आहे, त्या अक्षरं करताहेत. बैलगाडीचं पान अजून व्हायचंय. मुलगा बैल हाकतोय आणि गाडीवान शेजारून चालतोय हे एका चौकटीत बसत नाही, त्यावर दोघांचा वाद चालू आहे.

जयभीम.